जतनाचा जमाखर्च

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभ्या असलेल्या वस्तुसंग्रहालयात १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थ एकत्र जमले, आणि सृष्टिनिरीक्षणाची आवड असणाऱ्यांनी आपापली टिपणे व नमुने एकमेकांस दाखवावेत, एवढ्याच माफक हेतूने त्यांनी एक मंडळ स्थापन केले. त्या संग्रहालयास तेव्हा व्हिक्टोरिया व अल्बर्ट यांचे नाव होते. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. आठांतील सहा युरोपीय होते आणि उरलेले दोघे, प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन, हे मुंबईतील मान्यवर वैद्य होते. १८८६ पासून आपले नियतकालिक चालविणारी आणि पुढे भारतातील वन्यजीवरक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या कार्यात जिचा हात लागला, ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्या बैठकीतून जन्मास आली. जिवंत सृष्टीच्या रक्षणाचे बीज निर्जीव वस्तूंच्या घरात पडले, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

आज पर्यावरणाच्या ऱ्हासाविषयी सर्वत्र चिंता व्यक्त होत असताना, संग्रहालये, नाट्यगृहे, ग्रंथालये ह्या सांस्कृतिक संस्थांनी त्या बाबतीत काय करावे असा प्रश्न वारंवार विचारला जातो. प्राग येथे २४ ऑगस्ट २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली, तीत शाश्वततेची जोपासना हे संग्रहालयाचे एक कर्तव्य म्हणून नोंदले गेले. परंतु व्याख्येत शब्द आला म्हणून वर्तनात अर्थ उतरतोच असे नाही. आपल्याकडे ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ५ जूनच्या समारंभात, दोन-चार रंगीत फलकांत आणि एका वृक्षारोपणात आटोपते. ह्या उपक्रमांस माझा विरोध नाही. पण संग्रहालयाचे खरे सामर्थ्य त्याहून खोल आहे. जे इतरांनी टाकून दिले ते जपणे, जपलेल्या प्रत्येक वस्तूची प्रामाणिक नोंद ठेवणे आणि वापरापेक्षा निगा श्रेष्ठ मानणे, हा ज्या संस्थेचा नित्याचा धर्म आहे, तिने तो धर्म आपल्या भिंतींपासून आपल्या वीजबिलापर्यंत सचोटीने पाळला, तर तिला पर्यावरणाचा वेगळा उपदेश करण्याची फारशी गरजच उरणार नाही. हे विधान सिद्ध करण्यासाठी आपण नमुन्याच्या कपाटापासून सुरुवात करू.

चिठ्ठीचे मोल

सलीम अली दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांनी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ती कोणती चिमणी हे विचारण्यासाठी ते सोसायटीच्या कार्यालयात गेले. तेथील सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्या मुलास वाटेस न लावता पक्ष्यांचे जतन केलेले नमुने खणांतून काढून एकामागून एक दाखविले. भारतीय पक्षिशास्त्राचा पुढील अर्ध्या शतकाचा इतिहास त्या उघडलेल्या खणांतून सुरू झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९२२ साली सर्वसामान्यांस खुल्या झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुढे निसर्गेतिहासाचा विभाग उघडला गेला, तेव्हा १९२६ मध्ये सलीम अलींना तेथे मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली. दालनातील पक्ष्यांविषयी विद्यार्थ्यांना समजावून सांगणे हे त्यांचे काम होते. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान ह्यांच्या हाताखाली अध्ययन करून ते १९३० मध्ये परतले, तो निधीच्या अभावी ती जागाच रद्द झालेली होती; मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला, त्याने त्यांचे नाव जगभर झाले. दालनात शिकलेली दृष्टी रानात गेली आणि रानातले ज्ञान पुन्हा ग्रंथांत व दालनांत परतले. असे येणे-जाणे ज्या संग्रहालयात चालू राहते तेच निसर्गाच्या कामी येते.

कपाटातील नमुन्याला बांधलेली लहानशी चिठ्ठी, जिच्यावर पक्षी कोठे, केव्हा आणि कोणी मिळविला एवढाच मजकूर असतो, ती किती मोलाची असते हे आपल्या महाराष्ट्राच्याच भूमीवर घडलेल्या एका प्रसंगावरून कळते. रानपिंगळा नावाचे लहान घुबड १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी प्रथम शास्त्रास परिचित करून दिले. हे तेच ह्यूम, ज्यांनी पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला; ज्यांची पंचवीस वर्षांची पक्षिविषयक हस्तलिखिते घरातल्या नोकराने सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकली, आणि त्या आघाताने खचून ज्यांनी ऐंशी हजारांच्या आसपास नमुन्यांचा आपला संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. रानपिंगळ्याचे मोजके सात नमुने जगातील संग्रहालयांत पोहोचले. त्यांतील शेवटचे १८८४ च्या सुमारास खानदेशात सरकारी अंमलदार असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी मिळविले होते. त्यानंतर हा पक्षी कोणास खात्रीने दिसला नाही. नाही म्हणायला, रिचर्ड माइनर्टझहागेन ह्या नामांकित सैनिक-पक्षितज्ज्ञाच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळालेला म्हणून एक नमुना होता, आणि त्या नोंदीवर विसंबून पुढील शोधकांनी भलत्याच ठिकाणी रानपिंगळा धुंडाळला.

अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन ह्यांनी नायजेल कॉलर यांच्यासह त्या नमुन्याची बारकाईने, क्ष-किरणांच्या साहाय्यानेसुद्धा, तपासणी केली, तेव्हा निष्पन्न झाले ते असे: तो पक्षी मूळचा डेव्हिडसन यांचाच होता, ब्रिटिश म्युझियममधून तो लंपास करून, उसवून, पुन्हा भरून त्यास खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. खोट्या चिठ्ठ्या बाजूला सारल्यावर खऱ्या चिठ्ठ्या काय सांगतात ते स्पष्ट झाले. त्यांच्या मागाने जात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या रानात पोहोचले, आणि एकशे तेरा वर्षे नामशेष मानला गेलेला रानपिंगळा तेथे दिवसाउजेडी झाडावर बसलेला आढळला. पुढे मेळघाटात, यावलच्या रानात आणि ठाणे जिल्ह्यातील तानसाच्या परिसरातही तो सापडला. त्याच्या रानांचे रक्षण हा आज वनखात्याच्या आणि अभ्यासकांच्या चिंतेचा विषय आहे, कारण तो कोठे आहे हे कळले; आणि तो कोठे आहे हे कळले, कारण एका मुलकी अंमलदाराने शतकापूर्वी खानदेशच्या रानात लिहिलेली चिठ्ठी कोणीतरी जपून ठेवली होती. संग्रहालयातील एक असत्य नोंद एका जातीला अर्धशतकाहून अधिक काळ दृष्टिआड ठेवू शकते आणि एक सत्य नोंद तिला पुन्हा प्रकाशात आणू शकते, ह्याहून ठळक पुरावा दुसरा कोणता हवा?

जुने नमुने पुढे कोणत्या कामी येतील हे जमविणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. हौसेने अंडी गोळा करण्याचा जो छंद एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात बोकाळला होता, तो आज निंद्य आणि बेकायदेशीर ठरला आहे. पण त्याच अंड्यांची कवचे मोजून-तोलून डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की, दुसऱ्या महायुद्धानंतर, डीडीटीचा सर्रास वापर सुरू झाल्यापासून शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली आहेत. जुन्या काळाचे माप कपाटात नसते तर नव्या काळातील ऱ्हास सिद्ध करता आला नसता. अमेरिकेतील औद्योगिक पट्ट्यातून एकशे पस्तीस वर्षांत जमविलेल्या हजाराहून अधिक पक्ष्यांच्या पिसांवरील काजळी मोजून दोन संशोधकांनी २०१७ मध्ये गतशतकातील हवेच्या प्रदूषणाचा आलेख काढला, तो ज्या काळात हवा मोजण्याची यंत्रेच नव्हती त्या काळापर्यंत मागे नेता आला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील १९०६ पासूनचे ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय असो, सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसमधील लाखाहून अधिक नमुने असोत, की जिल्ह्याच्या एखाद्या महाविद्यालयात धूळ खात पडलेले फुलपाखरांचे खोके असोत. ह्या साऱ्यांकडे निर्जीव अडगळ म्हणून न पाहता निसर्गाचे दफ्तर म्हणून पाहिले पाहिजे. पर्यावरणाच्या कोणत्याही वादात अखेर पूर्वी काय होते हाच प्रश्न निर्णायक ठरतो, आणि त्याचे साक्षीपुरावे ह्याच दफ्तरात असतात.

दमट हवा आणि थंड दालने

आता संग्रहालयाच्या दुसऱ्या, कमी सुखद बाजूकडे वळू. वस्तू टिकविण्यासाठी संग्रहालये ऊर्जा वापरतात, आणि तीही विपुल. कागद, कापड, लाकूड, कॅनव्हास ह्या साऱ्या पदार्थांचा स्वभाव हवेतील ओल शोषण्याचा आणि सोडण्याचा आहे. हवा फार कोरडी झाली की ते आकसतात, तडकतात, रंगाचे पोपडे सुटतात, आणि सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर फार काळ राहिली की बुरशी धरते. ह्यावर उपाय म्हणून आर्द्रता पन्नास ते पंचावन्न टक्के आणि तापमान वीस-बावीस अंश, असा एक दंडक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रूढ झाला.

तो दंडक कोठून आला हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे बाँबवर्षावापासून वाचविण्यासाठी १९४१ मध्ये वेल्समधील मॅनॉडच्या पाटीदगडाच्या खाणीत हलविण्यात आली. खाणीतल्या गुहांमध्ये विटांच्या खोल्या बांधून तेथील हवा सतत एकसारखी ठेवली गेली, आणि तेथे चित्रांचे पोपडे सुटण्याचे प्रमाण आश्चर्यकारकरीत्या घटले. युद्धानंतर चित्रे लंडनला परतली तेव्हा तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. ह्या अनुभवातून संग्रहालयांच्या वातानुकूलनाला वेग आला, आणि त्याच गॅलरीचे शास्त्रज्ञ गॅरी थॉमसन यांचा १९७८ चा ग्रंथ जगभरच्या संग्रहालयांत प्रमाण मानला जाऊ लागला. थॉमसन यांनी आपल्या आकड्यांभोवती पुष्कळ सावधगिरीच्या सूचना जोडल्या होत्या. परंतु आकडे प्रवासाला निघाले आणि सूचना मागे राहिल्या. कर्ज म्हणून वस्तू देणाऱ्या संस्थेने करारात तेच आकडे घालावेत आणि घेणाऱ्या संस्थेने, मग ती मुंबईत असो वा मनिलात, ते निमूट मान्य करावेत, असा प्रघात पडला.

मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर असते. ती पन्नासवर आणायची तर हवा खूप थंड करून तिच्यातले पाणी काढून घ्यावे लागते आणि हे रात्रंदिवस, सुटीच्या दिवशीही, अखंड करावे लागते. खर्चाच्या ओढाताणीमुळे अनेक ठिकाणी यंत्रे कचेरीच्या वेळेत चालतात आणि संध्याकाळी बंद होतात. मग थंडावलेल्या भिंतींवर आणि काचांवर रात्रीची दमट हवा घामासारखी साचते. वस्तूच्या दृष्टीने सतत दमट राहण्यापेक्षा हा दररोजचा हेलकावा अधिक घातक असतो. म्हणजे वीजही खर्ची पडते आणि वस्तूही झिजते. त्यात ही वीज येते कोठून, हाही विचार करावा. महाराष्ट्रातील विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशावर निर्माण होतो, आणि चंद्रपूरच्या कोळसाखाणी व औष्णिक केंद्र ताडोबाच्या वाघांच्या रानाला भिडलेले आहेत. काचेच्या पेटीतला भरलेला वाघ टिकावा म्हणून जो कोळसा जळतो त्याने जिवंत वाघाचे रान उणे होत असेल, तर त्या जतनाच्या जमाखर्चात कोठेतरी मोठी चूक आहे.

सुदैवाने शास्त्रज्ञांनीच ही चूक ओळखली आहे. २०१४ साली जागतिक पातळीवरील दोन संवर्धन-संघटनांनी संयुक्त निवेदन काढून, दालनांतील हवेची प्रमाणे स्थानिक हवामानात साध्य होतील अशीच असावीत, हे तत्त्व मान्य केले. आणि बहुसंख्य वस्तूंसाठी चाळीस ते साठ टक्के आर्द्रता व सोळा ते पंचवीस अंश तापमान एवढी मोकळीक मोठ्या संग्रहालयांच्या प्रमुखांनीही स्वीकारली. लॉस एंजेलिसच्या गेटी संवर्धन संस्थेने ब्राझीलमधील बेलेमसारख्या उष्ण-दमट ठिकाणी केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याचा इत्यर्थ असा की, बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हा ती पंख्यांनी आत घ्यावी, दमट असेल तेव्हा आतली हवा किंचित तापवून किंवा तिच्यातली ओल काढून आर्द्रता पंचाहत्तरच्या खाली राखावी, की बुरशीचे भय बव्हंशी टळते, आणि हे पूर्ण वातानुकूलनाच्या मानाने फार थोड्या ऊर्जेत होते. डेन्मार्कमध्ये व्हायले येथे संग्रहालयांसाठी बांधलेल्या सामाईक कोठारात भिंती-छपरांना जाड आवरण दिले आहे आणि जमीन मात्र मुद्दाम उघडी ठेवली आहे, म्हणजे जमिनीच्या पोटातील स्थिर उष्म्यानेच कोठाराचे तापमान वर्षभर सावकाश बदलते व यंत्राला केवळ ओल काढण्याचे काम उरते. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेने १९७६ पासून भारतीय हवामानातील जतनाचा अभ्यास चालविला आहे, म्हणजे मार्गदर्शनासाठी दूर जाण्याचेही कारण नाही.

आणि खरे पाहता, आपल्या पूर्वजांनी ह्या प्रश्नाचे उत्तर यंत्रांवाचून काढले होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. घट्ट बांधलेल्या सुती रुमालात कागदाची चळत हवेतील ओलीचा हेलकावा स्वतःच पचविते, बाहेर मोठा बदल झाला तरी आतल्या कागदाला तो सौम्य होऊन पोहोचतो, ही गोष्ट आजचे संवर्धनशास्त्रही मान्य करते. वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, लाकडी फळ्यांमध्ये दाबून बांधलेल्या पोथ्या, ह्या साऱ्या योजनांच्या मुळाशी कसरीचा व बुरशीचा दीर्घ अनुभव होता. जैन ज्ञानभांडारांत दिवाळीनंतर येणाऱ्या कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीस, ग्रंथ बाहेर काढून झाडण्याचा, त्यांस हवा देण्याचा व त्यांची पूजा करण्याचा आचार आहे. पावसाळा सरला आहे, हवा कोरडी झाली आहे, नेमके त्याच वेळी वर्षाची तपासणी करण्याचा हा बंदोबस्त धर्मविधीच्या रूपाने शतकानुशतके चालत आला. जुने सारेच स्वीकारावे असे मी म्हणत नाही. उलट जुन्या काळात नमुन्यांना फासलेला सोमल आणि कपाटांत फवारलेली विषे आजही हाताळणाऱ्यांना अपाय करतात. परंतु हवामानाशी झुंज न देता त्याच्या ऋतुचक्राशी जुळवून घेण्याची जी बुद्धी त्या आचारात आहे, ती आजच्या प्रत्येक संग्रहपालाने अंगी बाणवावी अशीच आहे.

दगड, लाकूड आणि तांबे

इमारतीची गोष्ट वेगळी नाही. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची वास्तू १९१४ मध्ये पुरी झाली. तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला आहे, हे सर्वांना माहीत असते. पण तिचा करडा दगड कुर्ल्याच्या आणि पिवळसर दगड मालाडच्या खाणींतून आला, म्हणजे जवळजवळ अंगणातून आला, हे थोड्यांच्या ध्यानात येते. जाड भिंती, उंच छत, पुढे आलेले छज्जे व सज्जे ह्यांमुळे उन्हाचा मारा खोल्यांपर्यंत थेट पोहोचत नाही. मध्यवर्ती दालनात वरच्या मजल्याभोवती जी लाकडी कमानींची सुंदर महिरप दिसते, ती नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून येथे बसविलेली आहे. वाडा गेला, पण त्याचे कोरीव काम नव्या वास्तूत नांदू लागले. ह्या इमारतीच्या काळजीपूर्वक केलेल्या जीर्णोद्धारास २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धारासही तोच मान २००५ मध्ये लाभला होता. उभी असलेली इमारत पाडून नवी बांधताना सिमेंट, पोलाद आणि काच ह्यांच्या निर्मितीत जेवढी ऊर्जा खर्ची पडते, ती कित्येक वर्षांच्या विजेच्या काटकसरीनेही भरून निघत नाही. म्हणून जुनी वास्तू दुरुस्त करून वापरणे हेच बहुधा पर्यावरणाचे सर्वांत मोठे काम ठरते.

ही निगा हयगयीने सुटली तर काय होते, ह्याचे दाखले दूरचे नाहीत. पर्यावरणाचे शिक्षण देण्यासाठीच ५ जून १९७८ रोजी दिल्लीत उघडलेले राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ च्या आगीत जळाले. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय, सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहातील बहुतांश वस्तूंसह, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ब्राझीलच्या पोलिसांच्या तपासात आगीचे मूळ सभागृहातील वातानुकूलन-यंत्रात असल्याचे आढळले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पेटले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे मन हळहळले. वायरिंगची तपासणी, गळणारे छप्पर, तुंबलेले पन्हळ ह्या गोष्टींना उद्घाटनाची कोनशिला बसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पैसा मंजूर होत नाही. आणि मग एका रात्रीत शतकाचे संचित धुरात जाते.

पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी जमविलेला, पुत्र राजा याच्या स्मृतीस वाहिलेला आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेला संग्रह ह्या दृष्टीने पाहावा, अशी माझी वाचकांस विनंती आहे. तेथे राजमुकुट फारसे नाहीत. दिवे, अडकित्ते, दौती, कंगवे, कुलपे, घंगाळे, स्वयंपाकघरातील भांडी अशी माणसाच्या रोजच्या हाताळणीतली चीजवस्तू आहे. तांब्याचे भांडे कल्हई करून वापरावयाचे, चेपले तर ठोकून सरळ करावयाचे, अगदीच निकामी झाले तर मोडीत घालून त्याच धातूचे नवे घडवावयाचे, ही व्यवस्था ज्या समाजात रुळलेली होती, त्या समाजाचे हे पुरावे आहेत. एका वेळेपुरती वापरून फेकण्याच्या वस्तूंमध्ये वाढलेल्या मुलाला ह्या दालनात नेऊन, हा अडकित्ता किती पिढ्या चालला असेल, असे विचारले, तर पर्यावरणाचा धडा त्याला वेगळा शिकवावा लागणार नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये फिरते संग्रहालय करून ते शाळा-शाळांच्या दारी नेले आहे; असे उपक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत झाले तर शेकडो मुलांनी दूरचा प्रवास करण्याऐवजी एकच गाडी प्रवास करील.

पडदे आणि फलक

तात्पुरत्या प्रदर्शनांचा आणि नाट्यप्रयोगांचा विचार येथेच करावयास हवा, कारण सर्वांत अधिक कचरा तेथे निर्माण होतो. दोन महिन्यांच्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या प्लायवुडच्या भिंती, फ्लेक्सचे फलक, थर्मोकोलची अक्षरे समारोपाच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जातात. आपल्या संगीत नाटकांच्या कंपन्यांकडे पाहिले तर वेगळे चित्र दिसते. राजवाडा, उपवन, रस्ता, अरण्य असे पडदे एकदा रंगवून घेतले की ते नाटकामागून नाटकात लागत; गावोगाव बैलगाडीने व रेल्वेने फिरत आणि विटले तर पुन्हा रंगविले जात. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी रंगविलेले पडदे कलाकृती म्हणून वाखाणले गेले, म्हणजे पुनर्वापराने कलेची शोभा उणी होते असे मानण्याचे कारण नाही. इंग्लंडातील नाट्यव्यावसायिकांनी २०२१ पासून हरित नाट्यव्यवहाराची नियमावली आखून, नेपथ्याचे साहित्य पूर्वी वापरलेले असावे व पुढेही वापरात जावे, असा संकल्प केला आहे. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या शहरात महापालिकेने एक सामाईक नेपथ्यकोठार ठेवले, जेथे नाट्यसंस्था, शाळा, गणेशोत्सव मंडळे व संग्रहालये चौकटी, पायऱ्या, पडदे, काचपेट्या ठेवतील आणि भाड्याने नेतील, तर ह्याच परंपरेचे पुनरुज्जीवन होईल. परदेशांतून वस्तू आणून भरविलेली प्रदर्शनेही लवकर उठवू नयेत. २०२३-२४ मध्ये मुंबईत बर्लिन, लंडन आणि लॉस एंजेलिस येथील प्राचीन शिल्पे भारतीय शिल्पांशेजारी मांडली गेली आणि ती दहा महिने राहिली. विमानाने हजारो मैल आणलेली वस्तू जितका काळ अधिक जणांनी पाहावी तितके त्या प्रवासाचे सार्थक होते.

ताळेबंद

हे सारे प्रत्यक्षात यावयाचे तर काही गोष्टी नियमाने व्हाव्या लागतील. पहिली ही की, प्रत्येक संग्रहालयाने आणि नाट्यगृहाने आपल्या वार्षिक अहवालात पैशाच्या ताळेबंदासोबत विजेचा, पाण्याचा व कचऱ्याचा ताळेबंद छापावा. जे मोजले जात नाही त्याची काटकसर होत नाही. दुसरी, दालनादालनात तापमान व आर्द्रता टिपणारी लहान उपकरणे वर्षभर ठेवून, कोणत्या वस्तूस खरोखर वातानुकूलन हवे आणि कोणत्या वस्तूस पंखा, आवरण व सावली पुरे, हे ठरवावे, आणि अतिनाजूक वस्तूंसाठी सारे दालन थंड न करता बंद काचपेटीतच हवा राखावी. तिसरी, शासनाने आणि दात्यांनी अनुदान देताना नव्या इमारतीपेक्षा दुरुस्तीला अग्रक्रम द्यावा, आणि अनुदानाचा ठरावीक हिस्सा वायरिंग, छप्पर व अग्निशमन ह्यांसाठी राखून ठेवावा. चौथी, जिल्हा संग्रहालयांनी स्थानिक महाविद्यालयांच्या साहाय्याने आपल्या परिसरातील वनस्पती, पक्षी, पाणथळी ह्यांच्या नोंदी करण्याचे काम हाती घ्यावे आणि त्या नोंदींच्या चिठ्ठ्या तितक्याच निष्ठेने जपाव्यात जितक्या निष्ठेने ताम्रपट जपले जातात.

ह्यांतील एकाही गोष्टीस अचाट द्रव्य लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि जे दिसत नाही त्या कामाला मान देण्याची वृत्ती. एका बाबतीत मात्र संग्रहालयांनी आपली पायरी ओळखून ठाम राहिले पाहिजे. त्यांच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे, कारण ते पुराव्याने बोलतात. तो विश्वास कोणत्याही उद्योगाच्या जाहिरातीसाठी, नदी नासवून नदीवरील प्रदर्शनास देणगी देणाऱ्याच्या नावासाठी, खर्ची पडता कामा नये. निधी कोणाकडून घ्यावा आणि कोणाकडून घेऊ नये ह्याचे लिखित नियम विश्वस्तांनी करावेत आणि ते लोकांसमोर ठेवावेत.

आणि आपण प्रेक्षकांनीही काही मागावे. संग्रहालयात गेलो की कोहिनूरसारखी नवलाची वस्तू कोठे आहे एवढेच न विचारता, ही इमारत किती वीज जाळते, पावसाळ्यात ह्या कागदांची निगा कशी राखता, ह्या जिल्ह्यातील रानाच्या कोणत्या नोंदी तुमच्यापाशी आहेत, असे प्रश्न आपण विचारू लागलो, तर त्यांची उत्तरे तयार ठेवणे संस्थांना भाग पडेल. १८८३ च्या त्या आठ गृहस्थांपाशी सरकारी ठराव नव्हता, मोठा निधी नव्हता. होती ती निरीक्षणाची आवड आणि पाहिलेले नोंदवून ठेवण्याची शिस्त. त्या शिस्तीने वाढलेल्या दफ्तराच्या आधारे आज रानपिंगळ्याच्या रानांचा दावा लढता येतो. पुढील पिढीला नद्यांचे, गवताळ माळांचे, किनाऱ्यांचे असेच दावे लढावे लागणार आहेत, आणि त्यांतील पुराव्याचे कागद आज, आपल्या हयातीत, तयार झाले पाहिजेत. ते तयार करणे आणि जपणे हे संग्रहालयाचे कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य पार पाडण्यासाठी लागणारा पैसा, मनुष्यबळ आणि मान त्यांना मिळवून देणे हे आपले कर्तव्य आहे.